कानाशी धरलेला नारळ

वाण्याकडे मी नारळ कानाशी धरून हलवत होते, तेवढ्यात एका अनोळखी मुलीने आपले दोन नारळ पुढे केले. "काकू, यातला चांगला कोणता?"

हे काम माझ्या आईचं. ती आतलं पाणी ऐकायची, डोळे मिटून. दुकानातल्या बायका आपापले नारळ घेऊन तिच्याभोवती जमायच्या. नासका नारळ शुभ असतो, असं कोणी म्हटलं की ती फटकारायची, "पारख नसलेल्यांची समजूत आहे ती!" ती गेल्यापासून माझे नारळ नासके निघत, आणि मी गुपचूप तीच समजूत घालून घेई.

मुलीचे नारळ मी हलवून पाहिले. डोळे आपोआप मिटले.

"हा घे."

"नक्की?"

"नासका निघाला तर माझ्या आईचं नाव सांगणार नाही!"