दोरीने मोजलेली विहीर

दिघीच्या अंगाला असलेल्या आमच्या टेकडीवर गावाने तीन वर्षे चराई बंद ठेवली होती. गवत वाढले, पाणी मुरले आणि पायथ्याच्या विहिरीला वैशाखातही पाणी राहू लागले. मग पलीकडच्या बाजूला दगडखाण सुरू झाली. भोसरीकडे कारखाने उठत होते, त्यांना खडी लागे. ठेकेदाराला आता आमचीही बाजू हवी होती. सुरुंग लागल्यापासून विहीर उतरते आहे, असा अर्ज गावाने मामलेदार कचेरीत दिला. पुरावा एकच, माझी वही. मी कंपनीत स्टोअरला, म्हणून मोजणी माझ्याकडे आली होती. अंबाडीच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारून मी दर सुट्टीला पाण्याची पातळी घेई. वहीप्रमाणे सुरुंगांआधीच्या पहिल्या मापापासून पाणी सहा फूट उतरले होते.

मामलेदार साहेब पाहणीला येणार, त्याच्या आदल्या दिवशी मी कंपनीतून पोलादी टेप मागून आणली आणि दोरीला लावून पाहिली. भिजून दोरी आखडली होती, गाठी फुटापेक्षा जवळ आल्या होत्या. पहिले माप कोऱ्या दोरीचे, पुढची सगळी भिजलेल्या दोरीची. सहातला दीड फूट दोरीचाच होता.

पारावर सांगितले तेव्हा काहींनी गप्प बसायला सुचवले. शेळ्या राखणारी मावशी तडकली, "तीन वर्सं माझी शेरडं बांधून ठिवली, ती तुझी दोरी भिजवायला व्हय?"

चराईबंदीसाठी घरोघर फिरलेल्या म्हाताऱ्या बाबांनी एवढेच विचारले, "साडेचार तरी खरं हाय का?"

हो म्हणालो, आणि घरी जाऊन पुन्हा तीनदा हिशेब केला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना मी आधी चूकच सांगितली. ठेकेदाराचा मुकादम हसला. "राव, आज दीड गेला, उद्या बाकीचे जातील."

एक चूक निघाल्यावर इतर आकडे कशावरून धरायचे, असे साहेबांनी विचारले. बाबांनी त्यांना विहिरीच्या दगडांवरची, सुरुंग लागण्याआधीच्या पाण्याची खूण दाखवली. शिपायाने तिथून पाण्यापर्यंत टेप सोडली. साडेचारला दोन इंच कमी भरले.

साहेबांनी लिहिले, पुढील हुकूम होईपर्यंत या बाजूस सुरुंग लावू नये. मंडळी सुटल्यासारखी घराकडे निघाली. मी मात्र त्या पहिल्या तीन शब्दांवर अडलो. हुकूम कधी होतो, असे विचारले.

साहेब जीपमध्ये बसत म्हणाले, "सांगता येत नाही. तोवर मोजत राहा."