आत्याची ओवी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. आता आत दाबून ठेवायचं बळ उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो — नाहीतर अजूनही गप्पच बसलो असतो.

ते गाणं तुमच्या कानावरून गेलंच असेल. लढाईच्या वर्षांत साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसरं काही वाजतच नव्हतं. थिएटरात लोक शिट्ट्या मारून ते रीळ पुन्हा लावायला लावायचे. मागाहून दुसऱ्या एका कंपनीनं तीच चाल आपल्या बोलपटात नाचाला घेतली. शब्द आणि चाल यांच्यापुढं पडद्यावर माझं नाव यायचं. पण ते गाणं माझं नव्हतं.

ते माझ्या आत्याचं होतं. आई गेल्यावर पलूसजवळच्या खेड्यात तिनंच मला वाढवलं. तिचा मुलगा नामा पलटणीबरोबर लढाईवर गेला आणि तिनं जात्यावर बसून ओवी रचली — मी समोरच होतो.

वाट गेली पलटणीची, गेली माळाच्या पल्याड
बाळ माझा दिसंना गं, धूळ आली मधी आड

दळताना रोज तीच. म्हणायची, "ही म्हणत्या तवर माझं पोरगं खुशाल हाय." मी हसायचो. हसायला काय जातं?

कोल्हापुरात फिल्म कंपनीत मी पेटी वाजवायचो. मालकाला गाण्याची घाई झाली, माझं डोकं रिकामं. 'बाळ' काढून 'सखा' घातला, चाल जरा पळवली. नटीनं झोक्यावर बसून म्हटलं — झालं. ही चोरीच. पण एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित आज बोललोही नसतो.

भावकीत लग्न होतं. घाणा भरायचा होता — जात्याला हळकुंड बांधून सुवासिनी लग्नाची पहिली हळद दळतात, ओव्या म्हणतात. पहिली ओवी आत्याची, हा तिचा मान. तिनं देवाचं नाव घेतलं आणि आपली ओवी धरली. बायका फिदीफिदी हसायला लागल्या. "आवं आत्याबाय, घाण्याला शिनिमातलं गाणं व्हय?"

आत्या गोंधळली; सिनेमा तिनं कधी पाहिलाच नव्हता. खुंटा तसाच धरून तिनं ओसरीवर बसलेल्या माझ्याकडं पाहिलं. "सांग की रं ह्यास्नी. तुज्यासमूर रचली न्हवं मी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले — गावचा मोठा गाणी लिहिणारा. काय जड होतं हो म्हणायला? मी हसलो. म्हणालो, "आत्या, आता सगळ्यांच्याच तोंडी हाय ती. कुठंतरी ऐकली आसशील."

तिनं खुंटा सोडला. त्यानंतर ती दळायची, पण तोंड मिटून.

पिकं निघायच्या दिवसांत नामा लढाईत कामी आल्याची तार आली. मी धावत गेलो. आत्या जात्यापाशीच बसली होती. "मीच थांबली रं," म्हणाली. "लोकं हसली म्हून थांबली. म्हनत ऱ्हायली आसती तर माजा नामा आला आसता."

मी शेजारी बसलो होतो. तिचा हात माझ्या हातात होता. 'ओवी तुझीच, मी चोरली' एवढं एक वाक्य पुरलं असतं — तिचा माझ्यावरचा राग मला झेपला असता की नाही, कुणास ठाऊक. मी म्हणालो, "आत्या, नशिबापुढं कुणाचं चालतंय?"

मरेपर्यंत ती स्वतःलाच दोष देत राहिली. मी देऊ दिला.