सलीमभाईंचा कॉल आणि रविवारची मॅच

परवाच्या रविवारी पलूसमध्ये जे घडलं, ते अजून माझ्या डोक्यातून पुरतं उतरलेलं नाही...

मी आणि माझे मिस्टर मिळून छोटंसं ब्रॉडबँड चालवतो. वायरी ओढणं त्यांच्याकडे. कुणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवणं आणि बोलणी खाणं माझ्याकडे.

माझा नियम सोपा होता. गर्दी झाली की सगळ्यांना सारखा वाटा... उगाच कुणी बोट दाखवायला नको.

त्याच्या आधीच्या रविवारी मॅच सुरू झाली आणि या सारख्या वाट्यानेच घोळ घातला. आमच्या गल्लीतल्या रुखसानाभाभी कुवेतला नवऱ्याशी, सलीमभाईंशी, व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. सलीमभाईंचा चेहरा मधेच गोठायचा आणि शब्द कुठेतरी हरवायचे.

दुसऱ्या दिवशी भाभी घरी आल्या. "ताई, येत्या रविवारी पोरीची मंगनी हाय. ह्यास्नी सुट्टी मिळाली न्हाई. पोराकडची मोठी माणसं म्हणत्यात, बापाच्या तोंडनं होकार ऐकायचा... आन् तवाच मॅच हाय."

"बघते," म्हणाले खरी, पण माझी झोप उडाली. बापाचा होकार अर्ध्यात तुटला असता तर त्या घराला मी काय तोंड दाखवणार होते?

विचार करकरून एक गोष्ट डोक्यात आली. व्हिडिओ कॉलला नेट थोडंच लागतं, पण ते त्याच क्षणी लागतं. मॅचचं तसं नाही, टीव्ही पुढचं थोडं आधीच भरून ठेवतो... आणि मी दोघांना एकाच रांगेत उभं करत होते.

म्हणून रविवारी गावातल्या सगळ्याच व्हिडिओ कॉलना आधी वाट दिली आणि मॅचच्या चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणला. कुणालाही न विचारता. मग लॅपटॉप घेऊन भाभींच्या आतल्या खोलीच्या दारात जाऊन बसले.

पाहुणे येऊन टेकतात न टेकतात तोच माझा फोन वाजला... बापू. मॅच अडकली की गावात पहिला फोन यांचाच. घाबरतच उचलला.

"पोरी, आज काय केलंस गं? मॅच आडकंना झालीया. चित्र जरा धुरकट हाय, पण आसंच ऱ्हाऊ दे."

दिलं कमी आणि माणूस खूश... मला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात कॉल लागला. पाहुण्यांसमोरच्या टीव्हीवर सलीमभाई दिसले, इस्त्रीच्या शर्टात, केस नीट विंचरून. मुलाच्या आजोबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सलीमभाई, सोयरीक कबूल हाय न्हवं?"

सलीमभाई हलेनात. चेहरा जागच्या जागी. भाभींनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"लाईन गेली जणू," आजोबा म्हणाले. मी लॅपटॉप बघितला... सगळं ठीक. पुन्हा टीव्हीकडे बघितलं. सलीमभाईंच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता.

"लाईन चालू आहे," मी हळूच म्हणाले. "त्यांना जरा वेळ द्या."

सलीमभाईंनी बाहीने डोळे पुसले, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "कबूल हाय. पोरीला माझ्या संभाळा." एक अक्षरही तुटलं नाही.

दाराआड उभी असलेली मुलगी ओढणीत तोंड लपवून रडत होती. मीही रडले, सांगायला लाज कसली...

पलूसच्या सगळ्या मॅचवाल्यांचे आज मनापासून आभार मानायचे आहेत. त्या दुपारी तुम्हाला न विचारता तुमच्या वाट्यातलं थोडं काढून घेतलं होतं... एका बापाला रडून घ्यायला आणि होकार द्यायला ते पुरलं.