सदर मुलगी मठ्ठ नाही

पेनचं टोपण टक् करून लावायचं, हातांची घडी घालायची आणि खिडकीबाहेर बघत बसायचं. परीक्षेच्या वर्गात एवढं दिसलं की मी समजून जायची, हिला प्रश्न पटलेला नाही.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती नववीत होती आणि पेपर माझाच, इंग्रजीचा होता. पाऊण तास शिल्लक असताना बाईसाहेब घडी घालून निवांत बसलेल्या. मला वाटलं, पोटबिट दुखत असेल. जवळ जाऊन हळूच विचारलं, "काय झालं गं?"

"हा पत्राचा प्रश्न पटला नाही, मॅडम."

प्रश्न साधा होता. बहिणीच्या लग्नाला मैत्रिणीला बोलावणारं पत्र लिहा. दहा गुणांचा, दरवर्षी येणारा, मुलांच्या अंगवळणी पडलेला.

"काहून पटला नाही?"

"मले बहीण नाही."

"आहे असं समज."

"समजलं," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण ते माह्यापेक्षा लहान असन ना, मॅडम. तिचं लग्न एवढ्यात कायले करून राहिलो आपण?"

दहा गुण गेले. अशी ती.

नातवंडांनो, परवा तुमच्या आईचा फोन आला. थोरलीची मार्कशीट वर-खाली आहे, प्रवेशपरीक्षेचा स्कोअर मात्र खणखणीत आहे, आणि चांगल्या कॉलेजच्या फॉर्मात 'हा फरक का पडला ते लिहा' अशी जी चौकट असते, तिच्यापाशी ती आठवडाभर अडून बसली आहे, असं कळलं. तुमच्या तिकडच्या कॉलेजांतलं मला काही कळत नाही. पण त्या चौकटीशी माझी जुनी ओळख आहे. म्हणून ही मुलगी तुम्हा दोघांना दाखवते. सल्ला देत नाही. नुसती बघा.

आमच्या भंडाऱ्याच्या घरापासून तिचं घर तिसरं. वडील हातमागावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्या विणायचे. दिवसभर त्या घरातून खटखट ऐकू यायची आणि ही त्या आवाजातच अभ्यास करायची. माग थांबला की आतून ओरडायची, "बाबा, चालू करा. ध्यान लागत नाही." बिचारे चहा अर्धा टाकून परत मागावर बसायचे.

नववीच्या भूगोलाची गोष्ट सांगते. तेव्हा नुकतेच जिल्ह्याचे दोन भाग झाले होते. गोंदिया वेगळा निघाला, पण शाळेच्या भिंतीवरचा नकाशा अजून एकत्र कुटुंबात नांदत होता. परीक्षेत प्रश्न आला, भंडारा जिल्ह्याचा नकाशा काढून त्यात तालुके दाखवा. हिने पट्टीने सुंदर चौकट आखली, वर 'भंडारा जिल्हा' असं लिहिलं आणि टोपण लावलं. भूगोलाच्या सरांनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं.

"भिंतीवरचा काढू का खरा काढू, हे लिहिलं नव्हतं सर."

"अगं, कोणताही काढायचा होतास."

"मग कोणताही काढला असता तं तुम्ही मार्क दिले असते का?"

सर माझ्याकडे बघायला लागले. कारण ते त्यांनी स्वतःच अजून ठरवलं नव्हतं. वर्षाच्या शेवटी भूगोलात छत्तीस.

गणित तिचं आवडतं. तिथेही एकदा अडली. दहा विणकर एक साडी चार दिवसांत विणतात, तर वीस विणकर किती दिवसांत विणतील? हिने उत्तराच्या जागी लिहिलं, 'एका मागावर वीस विणकर बसत नाहीत. येऊन पाहावे.' आणि खाली घराचा पत्ता दिला. गणिताचे सर पाहायला काही गेले नाहीत. त्यांनी चार गुण कापले. तिच्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते मला रस्त्यातच थांबवून म्हणाले, "पोरगी बराबर आहे जी मॅडम. एका मागावर एकच बसते. दुसरा बसला का भांडण होते."

त्यांची स्वतःची एक लकब होती. हातात काहीही आलं की आधी उलटून त्याची पाठ पाहायची. कापडाची खरी वीण मागच्या बाजूने कळते, ही आयुष्यभराची सवय. मार्कशीटही तशीच पाहायचे. पुढच्या बाजूला नववीत गणित ब्याण्णव, भूगोल छत्तीस, अकरावीत भौतिकशास्त्र अठ्ठ्याण्णव, जीवशास्त्र एकोणचाळीस, असा सगळा घाटरस्ता. ते मात्र मार्कशीट उलटी करून मागची कोरी बाजू उजेडात धरायचे, बोट फिरवायचे आणि समाधानाने म्हणायचे, "पाठ साफ आहे, मॅडम."

बारावीत असताना तिने एका कॉलेजचं नाव काढलं. दूर दक्षिणेतलं, फक्त विज्ञानाचं, देशभरातून मूठभर मुलं घेणारं. त्यांची परीक्षा नागपूरला होती. ती पेपर देऊन परत आली तेव्हा मी फाटकातच उभी होते.

"कसा गेला?"

"चांगली माणसं आहेत, मॅडम."

"कोण?"

"ज्यायनं पेपर काढला. पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे का, नाही वाटलं तं प्रश्न सोडून द्या, त्याचे काही कापणार नाही."

"किती सोडलेस?"

"एकही नाही. एवढं चांगलं बोलल्यावर सोडायले लाज वाटते."

निकाल आला तेव्हा ती वरच्या पाच-दहांत होती. आणि मग तिने जाहीर केलं की जाईन तर तिथेच, दुसरा कुठलाही फॉर्म भरणार नाही. तिथे नाही झालं, तर गावातलं कॉलेज होतंच. म्हणजे पुन्हा बहिणीच्या लग्नाचं पत्र, पटलं नाही की सोडून द्यायचं.

तिकडून जाडजूड फॉर्म आला. नववीपासूनचे सगळे गुण मागितले होते आणि शेवटच्या पानावर ती चौकट. गुणांत मोठा फरक असल्यास तीनशे शब्दांत खुलासा करावा.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी पेन्सिलीला टोक केलं, कच्चं लिहिलं, पक्कं लिहिलं, शब्द मोजले. दोनशे अठ्ठ्याण्णव. इंग्रजी असं की माझ्या नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनेही मान डोलावली असती. घरची ओढाताण, विजेचा लपंडाव, वडिलांची नाजूक प्रकृती, मागाच्या अखंड आवाजात कंदिलाशेजारी झुंजणारी एक कोवळी मुलगी. तिला समोर बसवून मी वाचून दाखवलं, अर्थही सांगितला. तिने सगळं मन लावून ऐकलं.

"ही मुलगी कोण आहे, मॅडम? बिचारी वाटते."

तुमचे आजोबा वर्तमानपत्रामागे खोकले.

"तूच आहेस. असंच लिहायचं असतं."

"पण बाबा बिमार कधी पडले?"

"मागे ताप नव्हता का आला?"

"तो मे महिन्यात. शाळेले सुट्ट्या होत्या."

मी चष्मा काढून ठेवला. "तुला तिथं जायचं आहे ना?"

तिने मान खाली घातली. जिने भूगोलाच्या सरांना गप्प केलं होतं, तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला. "जायचं आहे, मॅडम. लय."

"मग हेच जाऊ दे."

तिने टोपण लावलं नाही, घडी घातली नाही. नुसती मान हलवली. माझ्या मते प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी जपून एक स्टॅम्प पेपर काढला. तहसीलच्या आवारात जाऊन त्यांनी टाइप करून आणलेलं प्रतिज्ञापत्र. पूर्वी एकदा मुलीच्या नावात राशन कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर फरक आला होता, तेव्हा असंच करून भागलं होतं. "फरक म्हटला का प्रतिज्ञापत्र लागते, मॅडम. नुसत्या चौकटीत लिहून कोण मानते?"

ते मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे.

'मी खाली सही करणार, धंदा विणकाम, राहणार भंडारा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, एक, माझ्या मुलीस भूगोलात छत्तीस गुण मिळाले हे खरे आहे. दोन, सदर मुलगी मठ्ठ नाही. तीन, सदर परीक्षांच्या काळात घरात कोणी बिमार नव्हते, लाइट होती व जेवण पोटभर होते. चार, सदर प्रश्न तिला पटले नाहीत. पटले असते तर तिने लिहिले असते. पाच, वरील मजकूर खोटा आढळल्यास मी कायद्याने शिक्षेस पात्र राहीन.'

खाली दोन साक्षीदार. पहिला कोपऱ्यावरचा पानठेलेवाला. दुसरी सही ओळखीची वाटली म्हणून मी कागद जवळ धरला. तुमच्या आजोबांची होती.

"मी फॅक्टरीच्या बसमधून उतरलो, यांनी कागद पुढे केला," आजोबा म्हणाले. "सगळं खरं होतं. खऱ्यावर सही करायला काय जाते?"

वडिलांना त्याचं इंग्रजी करून हवं होतं. मी नकार दिला. एवढ्या मोठ्या कॉलेजात असं काही पाठवलं तर लोक हसतील आणि मुलीची जागा जाईल, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी कागद उलटून पाठ पाहिली, पुन्हा पिशवीत घातला आणि गेले. मला वाईट वाटलं, पण काही गोष्टी वेळेवर बोललेल्या बऱ्या.

संध्याकाळी ती माझा शब्दकोश एका दिवसासाठी घेऊन गेली. सकाळी परत करायला आली, तेव्हा मी तिच्या हातात तयार फाइल दिली. क्रमाने लावलेली, टाचण्या एका रेषेत, शेवटी माझा निबंध. शब्दकोश तिने स्वतःच कपाटात ठेवला आणि फाइल घेऊन पोस्टात गेली.

महिन्याभरात मुलाखतीचं बोलावणं आलं. मी आजोबांकडे फक्त एकदा पाहिलं.

बापलेक वरठीहून, म्हणजे भंडाऱ्याच्या स्टेशनवरून, गाडीत बसले आणि आठवड्याने परत आले. आल्या आल्या आमच्याकडे. ती दाराशी उभी, वडील खुर्चीच्या कडेवर.

"पोरगी आत गेली, मी भायेर," ते सांगू लागले. "थोड्या वेळानं आतून हासण्याचा आवाज आला. मी म्हटलं, गेली जागा. मॅडम बरोबर बोलत होत्या. मंग एक सर भायेर आले अन मले आत बोलावलं. हिंदीत म्हणे, ये आपने लिखा है? म्हटलं, हो जी. खोटं निघालं तं जेलात जाईन."

"काय लिहिलं?" मी विचारलं.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी हातांची घडी घालून खिडकीबाहेर बघत होती.

"तुमचा निबंध हरवला नाही, मॅडम," ती बाहेर बघतच म्हणाली. "तुमच्याच डिक्शनरीत ठेवला आहे."

मी उठून शब्दकोश काढला. दोनशे अठ्ठ्याण्णव शब्द, व्यवस्थित घडी करून आत होते. माझ्या फाइलीतून माझाच कागद काढून तिने तिथे प्रतिज्ञापत्र लावलं होतं. इंग्रजी तिने स्वतः केलं होतं, माझाच शब्दकोश वापरून. पस्तीस वर्षांत कोणी माझा पेपर असा कोरा सोडला नव्हता. मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. तिची जागा गेली असं मी मनात धरूनच चालले.

"मंग काय झालं?" आजोबांनी विचारलं. ते मजेत होते.

"मंग हिनं त्यायले वीस विणकरांचं सांगितलं. तिघं सर लोक कागदावर माग काढून बसले. याले इथं बसवा, त्याले तिथं बसवा. लय वेळ गेला. शेवटी कबूल केलं त्यायनं. एकच बसते."

पुढचे दिवस मी वाईट काढले. पोस्टमन दिसला की ती फाटकात यायची आणि मी खिडकीत. तो तिसऱ्या घरी न थांबता पुढे गेला की ती फाटकाची कडी उगाच लावून बघायची. एकदा मी हाक मारून म्हटलं, "येईल गं." ती म्हणाली, "हो." इतकंच. प्रश्न, उत्तर, काही नाही.

शेवटी पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. टाइप केलेल्या मजकुराखाली कोणीतरी शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या. न पटलेला प्रश्न सोडण्यास आमची हरकत नाही. मात्र सोडल्याचे कारण लिहावे.

तिने ते दोनदा वाचलं. "हे पटलं," म्हणाली. मग आमच्या ओट्यावर बसून इतकी रडली की पानठेलेवाला धावत आला, साक्षीदार या नात्याने.

तिला पोचवायला आम्ही सगळे वरठीच्या स्टेशनवर गेलो. सामानाची यादी मी दोन प्रतींत करून दिली होती. वडील खिडकीचे गज धरून पाण्याची बाटली कुठे, चिवडा कुठे, हे तिसऱ्यांदा सांगत होते. गाडीने शिटी दिली तेव्हा मी विचारलं, "काय गं, आमची आठवण येईल का?"

तिने हातांची घडी घातली आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत बसली. गाडी हलली तरी बघतच होती.

"सोडला प्रश्न," आजोबा म्हणाले.

मला थोडं लागलंच. घरी येऊन मी शब्दकोश उगाच दोनदा पुसला. त्यानंतर कधी कधी दुपारी माग थांबायचा आणि बराच वेळ थांबलेलाच राहायचा. चालू करा म्हणणारं आता घरात कोणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी माझ्या नावाने पोस्टकार्ड आलं. एवढंच होतं.

'वरठीचा प्रश्न सोडला होता. कारण, बाबा खिडकीजवळ उभे होते.'

मी ते घेऊन तिसऱ्या घरी गेले. तिच्या वडिलांनी हात पुसून कार्ड घेतलं, वाचलं आणि सवयीने उलटलं. बराच वेळ ते पाठच पाहत राहिले. तिथे नुसता माझा पत्ता होता.