बाहेरचं काही लावायचं नाही

आमच्या घरातला कॉम्प्युटर नवा असा कधी नव्हताच. खराडीतल्या एका कंपनीनं जुनी मशिनं काढून टाकली, तेव्हा पप्पांच्या ओळखीच्या दुकानदारानं त्यातलं एक आम्हाला आणून दिलं. मी तेव्हा वाघोलीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होते. मॉनिटर एवढा अवाढव्य की टेबल भिंतीपासून पुढं ओढावं लागलं, आणि आईला स्वयंपाकघरात जाताना अंग चोरून जावं लागे. कॉम्प्युटर सुरू व्हायलाही वेळ लागायचा. पप्पा बटण दाबून आधी चहा घ्यायचे आणि मग खुर्चीत बसायचे.

दुकानदारानं त्यात एक अँटीव्हायरस टाकून दिला होता. त्याची मुदत कधीच संपली होती. चालू केलं की खालच्या कोपऱ्यात लाल चौकट यायची, तुमचं संरक्षण संपलं आहे म्हणून. पप्पा ती वाचून म्हणायचे, "बाई, हा आज पण रागावला." पप्पा मूळचे विदर्भातले, मला लाडानं 'बाई'च म्हणत. मी चौकट बंद करायचे आणि म्हणायचे, बघते नंतर.

कॉम्प्युटर आणला माझ्या अभ्यासासाठी, पण त्याच्यावर हात खरा चालायचा पप्पांचा. ते सरकारी कचेरीत टंकलेखक होते. टाइपरायटरवर बसलेली बोटं कीबोर्डवरही तशीच पळायची, आणि जोरात पडायची. स्वयंपाकघरात ऐकू यायचं. विहाराच्या कार्यक्रमाची पत्रिका, कुणाचा वीजबिलाच्या तक्रारीचा अर्ज, कुणाचा दाखल्यासाठीचा, सगळं येरवड्यातल्या आमच्या त्या दोन खोल्यांत टाइप व्हायचं. संध्याकाळी दारातून हाक यायची, "जय भीम, आहात का?" कुणी फ्लॉपी घेऊन यायचं, कुणी पोराचा पेन ड्राइव्ह. पप्पांनी कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी आणि माझी एक मैत्रीण मिळून करत होतो. ती कोथरूडची. तिच्या घरी स्वतंत्र अभ्यासाची खोली होती, सपाट पडद्याचा मॉनिटर होता, आणि वडील स्वतः सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, कुठं राहतेस. मी म्हटलं, कल्याणीनगरजवळ. "जवळ म्हणजे?" "येरवडा." ते म्हणाले, "अस्सं. भिंतीच्या आत की बाहेर?" सगळे हसले. मीही हसले. पुण्यात येरवडा म्हटलं की तुरुंगाचा विनोद होतोच, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. तरी पुढं कुणी विचारलं की मी विमानतळ रोड म्हणायला लागले.

जानेवारीतल्या एका रविवारी मी घरी केलेलं काम पेन ड्राइव्हवर घेऊन तिच्याकडं गेले. दुपारभर आम्ही काम केलं. तिच्या आईनं थालीपीठ दिलं. तीन-चार दिवसांनी तिचा फोन आला.

"तू काय लावलंस गं आमच्या पीसीला?"

मला काही कळेना. ती सांगत होती, प्रत्येक फोल्डरमध्ये त्याच नावाचं आणखी एक फोल्डर दिसतंय, उघडायला गेलं की मशीन अडकतं, आणि खरे फोल्डर गायबच झालेत. महाबळेश्वरचे फोटो, तिच्या आजोबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो, काहीच दिसत नाही. "आई रडली," ती म्हणाली. मी सॉरी म्हटलं. कशाबद्दल ते नीट माहीत नसताना दोनदा म्हटलं. फोन ठेवून आमच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तर तिथंही तेच. फोल्डरच्या पोटात फोल्डर.

पुढच्या आठवड्यात तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईनंच दार उघडलं. नेहमीसारखंच हसून म्हणाल्या, "ये गं. आणि तो पेन ड्राइव्ह पर्समध्येच राहू दे हं. आमच्याकडं आता बाहेरचं काही लावायचं नाही, असं ठरलंय."

"हो काकू."

"तुमच्याकडं कोणकोण वापरतं कॉम्प्युटर?"

"पप्पा. आणि गल्लीतले लोक येतात, अर्ज वगैरे टाइप करायला."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेवढंच. त्यात एकही शब्द वावगा नव्हता. थोड्या वेळानं चहा आला, आणि मी कप पाहिला. नेहमीचेच कप होते, निळ्या फुलांचे, सगळ्यांना सारखे. आपण कप पाहिला याचीच मला इतकी लाज वाटली की तोंड भाजत असतानाही मी चहा घाईनं पिऊन टाकला. त्यांना जे सुचलंही नसेल ते मी त्यांच्या घरात बसून शोधत होते. किंवा सुचलं असेलही. आजही मला ते ठरवता येत नाही.

घरी आले तर पप्पा कॉम्प्युटरवर बसलेले. शेजारी गल्लीतले एक काका, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन. त्यांचा पेन ड्राइव्ह लावलेला होता. मी पर्सही खाली ठेवली नाही.

"काढा तो आधी."

पप्पांनी मान वर केली. "दोन ओळी राहिल्या बाई."

"काढा म्हणते ना! कुणाचंही काहीही आणून लावता. धर्मशाळा आहे का ही? तुमच्यामुळं लोकांची मशिनं खराब होतात, आणि ऐकून घ्यावं लागतं मला!"

काका उठलेच. "राहू द्या, राहू द्या," म्हणत चपला घालून निघाले. पप्पांनी पेन ड्राइव्ह काढून त्यांच्या हातात दिला आणि त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. ती म्हणाली, "कोणत्या लोकांची?" मी तेव्हा कुठं पर्स खाली ठेवली.

त्याच आठवड्यात मी कॉम्प्युटर फॉरमॅट केला. मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून नवा अँटीव्हायरस टाकला आणि वर पासवर्ड घातला. पप्पांना तो सांगितला नाही. त्यांनी विचारलाही नाही. फॉरमॅट करताना त्यांनी टाइप केलेली विहाराची जुनी सगळी पत्रकं पुसली गेली. मी माझा प्रोजेक्ट तेवढा आधी सीडीवर काढून घेतला होता.

त्यानंतर कुणी आलं की पप्पा त्याला घेऊन नाक्यावरच्या सायबर कॅफेत जायचे. कॉलेजातून येताना मला कधीकधी दिसायचे, आत गर्दी असली की बाहेर पायरीवर, मांडीवर कागद घेऊन बसलेले. मी बसमधून पाहायचे आणि मान दुसरीकडं वळवायचे. आमचा कॉम्प्युटर मात्र आता स्वच्छ होता. लाल चौकट येत नव्हती. घरात टाइपिंगचा आवाजही येत नव्हता.

उन्हाळ्यात प्रोजेक्टची तोंडी परीक्षा झाली. चांगली झाली. कॉलेजच्या कँटीनमध्ये आम्ही दोघी सामोसे खात बसलो होतो, तेव्हा मैत्रीण सहज म्हणाली, "तो व्हायरस आठवतो? केवढा वैताग! सगळं आमच्या दादानं कुठून कुठून आणलेल्या सिनेमांच्या सीडीपायी."

"कुठला व्हायरस?"

"अगं तोच. दिवाळीत बाबांनी फोटोंची सीडी करून ठेवली होती ना, तिच्यात पण तोच निघाला. म्हणजे आधीपासूनच होता आमच्याकडं. तुझ्या पेन ड्राइव्हवर आमच्याकडूनच गेला असणार. फोटो मिळाले पण सगळे, नुसते लपवलेले होते त्यानं."

"कधी कळलं हे?"

"तेव्हाच. बाबांनी मशीन साफ केलं तेव्हा." तिनं माझ्याकडं पाहिलं. "सांगितलं नव्हतं का मी तुला?"

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं झालं, सापडला." आणि हसले. वर तिच्या सामोशाचेही पैसे दिले.

घरी येताना बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते, तिला काय सांगायला हवं होतं त्याची. चांगली वाक्यं होती. ती तिला कधी सांगितली नाहीत. रात्री जेवताना पप्पांना म्हटलं, "पप्पा, तो व्हायरस आपल्याकडून गेला नव्हता. त्यांच्याकडूनच आपल्याकडं आला होता. त्यांच्या दिवाळीच्या सीडीतही तोच निघाला."

पप्पांनी भाकरी मोडली. "त्यांना कधी समजलं?"

"तेव्हाच."

"मग तू काय म्हटलं त्यांना?"

"काही नाही. म्हटलं, बरं झालं."

त्यांनी भाजीचं भांडं माझ्याकडं सरकवलं. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "भाजी घे."

दुसऱ्या दिवशी मी पासवर्ड काढून टाकला. पप्पा बरेच दिवस टेबलाकडं फिरकलेच नाहीत. मी अर्जवाल्या काकांच्या घरी गेले, म्हटलं, काका, या ना परत टाइपिंगला. ते फार गोड बोलले. "नाही पोरी, आता कॅफेवाला ओळखीचा झालाय. पटकन होतं तिथं." त्यांच्या बायकोनं मला खाऊ दिल्याशिवाय सोडलं नाही. मी तो घेऊन घरी आले, आणि न उघडताच आईच्या हातात दिला.

पुढं मला खराडीत नोकरी लागली. पहिल्या वर्षातच तो कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं, याचे भागच मिळत नाहीत आता.

मैत्रिणीचं लग्न कर्वे रोडच्या एका कार्यालयात झालं. तिनं आग्रहानं आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. आईला बरं नव्हतं, म्हणून मी आणि पप्पा गेलो. पप्पांनी निवृत्तीच्या दिवशी घातलेला सफारी घातला होता. पंगतीतून उठलो, तर तिच्या आई दोन-तीन नातेवाईक बायकांबरोबर उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी जवळ घेतलं. मनापासून घेतलं, ते कळत होतं. आणि त्या बायकांना म्हणाल्या, "ही हिची कॉलेजची मैत्रीण. हिच्या पेन ड्राइव्हनं आमचा आख्खा कॉम्प्युटर झोपवला होता बरं का एकदा!"

बायका हसल्या. मी हसायला तोंड उघडलं होतं.

"नाही मॅडम," पप्पा म्हणाले. अगदी कचेरीत साहेबांशी बोलत तसे, हात मागं बांधून. "तो तुमच्याकडचाच होता. आधीचाच. दिवाळीच्या सीडीत होता. तुमच्या मुलीनंच सांगितलं हिला."

त्या क्षणभर गोंधळल्या. "हो का? अय्या, असेल बाई. मला त्यातलं काय कळतंय!"

"तेच. म्हणून सांगितलं," पप्पा म्हणाले आणि नमस्कार केला.

आणि मी? मी त्यांची बाही ओढत होते. "पप्पा, जाऊ द्या ना," असं दबक्या आवाजात म्हणत होते. माझे कान तापले होते, आजूबाजूला कुणी ऐकलं का ते मी बघत होते. इतकं सगळं होऊनही. बाहेर पायरीवर चपला शोधताना मला ते कळलं, आणि मग मला चपला दिसेनात.

रिक्षात पप्पा जेवणाबद्दल बोलत राहिले. मठ्ठा जरा आंबट होता, बाकी उत्तम. संगम पुलावर त्यांनी विचारलं, "रडतेस कशाला बाई?" मी म्हटलं, वारा लागतोय. त्यांनी रिक्षावाल्याला त्या बाजूचा पडदा सोडायला सांगितला.