खाडीत अडकलेला उंट

मी जळते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको. लहानपणी शेजारच्या एका मुलीवर जळत होते आणि नव्वदच्या दशकात बंगळूरला, स्वतः एका मुलीची आई झाल्यावरही, त्याच शेजारणीवर जळत होते.

मिरजेला आमची घरं लागून होती. ती एकुलती एक. तिचे वडील इंजिनियर, माझे वडील शाळेत कारकून. तिच्याकडे सायकल होती, पायात पट्ट्याच्या चपला होत्या. ते सगळं मी एकवेळ सोडून दिलं असतं. पण तिच्याकडे एक गोष्टीचं पुस्तक होतं, जाडजूड, लाल कापडी पाठीचं. सर्कशीतला एक उंट पळतो, थेट कोकणातल्या गावात येतो आणि गावातली पोरं त्याला गोठ्यात लपवून ठेवतात. पुस्तक घरी न्यायला बंदी होती. तिच्याच घरी, तिच्याच शेजारी बसून, तिच्या मर्जीनं वाचायचं. तीन-चार पानं झाली की बाईसाहेब पुस्तक मिटायच्या. "आता पुरे, मला कंटाळा आला." कंटाळा म्हणे! मी निमूट उठून घरी यायची. असं करत करत उंट एकदाचा होडीत चढला, खाडीच्या मध्यावर होडी कलायला लागली, सर्कशीचा मालक काठावरून ओरडायला लागला, आणि तिच्या वडिलांची बदली झाली. सामानाबरोबर पुस्तकही गेलं.

लग्नानंतर मी बंगळूरला आले. नवरा सरकारी कारखान्यात, घर के. आर. पुरमला भाड्याचं. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा जेवायला फार रडवायची, म्हणून मी तिला उंटाची गोष्ट सांगायला घेतली. आठवडाभर ताट चाटूनपुसून साफ. मग होडी कलली आणि मी थांबले.

"पुढे?"

"पुढचं मला माहीत नाही."

"म्हणजे उंट पडला?"

काहीतरी रचून सांगितलं, तर कार्टी म्हणते कशी, "हे तू बनवलंस. खरं सांग." त्या दिवशी ताट तसंच राहिलं. खरं सांगायचं तर तो उंट मलाही पंचवीस वर्षं सोडत नव्हता. त्याचं काय झालं ते मला हवंच होतं.

आता गंमत अशी, की जिच्याकडे ते पुस्तक होतं ती याच गावात राहत होती. संक्रांतीला मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात तिनंच मला ओळखलं. जयनगरला स्वतःचं घर, नवरा संशोधन संस्थेत, दारात पांढरी गाडी. मी वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या लुटल्या होत्या, तिनं झाकणाचे स्टीलचे डबे. अंगाचा नुसता तिळपापड झाला. "ये ना गं घरी," म्हणत तिनं फोन नंबर लिहून दिला. तिला विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण त्याच पुस्तकासाठी पुन्हा तिच्यापुढे हात पसरायचा? मेले तरी नाही.

मग मी जगाला कामाला लावलं. पुण्याच्या आतेबहिणीला पत्र लिहिलं, सांगलीच्या भावाला जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून फिरवलं. महाराष्ट्रातून कुणी बंगळूरला येणार म्हटलं की माझी फर्माईश ठरलेली. पुस्तकाचं नाव आठवत नव्हतं, लेखक तर त्याहून नाही. कुणीतरी मोठ्या कौतुकानं वाळवंटातल्या प्राण्यांची माहिती घेऊन आलं. नवरा म्हणाला, "अगं, तिला एक फोन टाक ना सरळ."

"तुम्हाला नाही कळायचं ते," मी म्हटलं.

शेवटी मंडळाच्या वाचनालयात गेले. ते रविवारीच उघडायचं आणि एक म्हातारे काका ते सांभाळायचे. त्यांच्या तीन पिढ्या बंगळूरात गेलेल्या. त्यांनी सगळी कपाटं पालथी घातली, मग खुर्चीत टेकले.

"स्वल्प थांबा अक्का. पानं कशी होती, सांगा बघू?"

"जाड. कडक. उलटताना कडकड वाजायची."

"वास?"

"खळीसारखा यायचा."

"आणि एका पानावर अक्षरं बारीक, दुसऱ्यावर मोठी?"

मी बघतच राहिले. तसंच होतं की! काका हसायला लागले. "मग ते दुकानात कुठनं मिळणार? रविवारच्या पेपरात मुलांच्या पानावर गोष्ट क्रमशः यायची. हौशी बाप दर आठवड्याला ती कापायचे, कागदावर खळीनं चिकटवायचे, आणि गोष्ट संपली की बाइंडरकडनं शिवून घ्यायचे. तुमचं पुस्तक कुणी छापलंच नाही अक्का. ती एकच प्रत."

माझे वडील पेपर शाळेत वाचून यायचे, घरी पेपर यायचा नाही. त्यामुळे असलं काही माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. तिच्या बापानं वर्षभर दर रविवारी कात्री घेऊन बसून तिच्यासाठी पुस्तक केलं आणि तिला त्याचा कंटाळा यायचा! त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून कोपऱ्यावरच्या बूथवरनं फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "कुठलं पुस्तक गं? उंट? आमच्याकडे होतं असं काही?"

मी पंचवीस वर्षं ज्याच्यावर जळले ते तिला आठवतही नव्हतं. रिसीव्हर आपटावासा वाटला, पण तीच पुढे म्हणाली, "थांब, आईला विचारते. ती काही टाकत नाही."

महिन्याभरानं तिचा निरोप आला, पुस्तक सापडलं, आईनं येणाऱ्याबरोबर पाठवलंय, रविवारी लेकीला घेऊन ये. आम्ही दोन बस बदलून जयनगरला गेलो. पुस्तक टेबलावरच होतं. लाल कापड विटून तपकिरी झालेलं, कातरलेले कागद कडेनं डोकावणारे. काकांचं अक्षरन् अक्षर खरं होतं. मी हात लावणार इतक्यात तिनं एक बंद पाकीट पुढे केलं. "हे आईनं तुझ्यासाठी लिहिलंय. वाच तू, मी कॉफी टाकते."

पत्र चार ओळींचं होतं. 'तुला अनेक आशीर्वाद. मिरज सोडताना हे पुस्तक तुला द्यावं म्हणून मी तुमच्याकडे आले होते. तुझा किती जीव होता त्याच्यावर! पण तुझी आई म्हणाली, आमच्या मुलीला लोकांचं उतरलेलं नको. मला फार वाईट वाटलं होतं. आता तरी घे.'

मी पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली. म्हणजे पुस्तक माझ्या दारापर्यंत आलं होतं. आणि मी जन्मभर त्या मायलेकींना कंजूष म्हणत आले. आईचा असा राग आला, पण आई जाऊन दोन वर्षं झाली होती, भांडायचं कुणाशी?

ती कॉफी घेऊन आली. "ने हं ते. माझ्या मुलांना मराठी वाचताच येत नाही, इथे नुसतं पडून राहील." किती सहज! जे मला मागायला इतकी वर्षं लागली ते तिनं कॉफीचा कप पुढे करावा तसं देऊन टाकलं. माझ्या लेकीनं तर पुस्तक उचलून छातीशी धरलंही होतं.

मी ते तिच्या हातातून काढून टेबलावर ठेवलं. "राहू दे गं. तुझ्या वडिलांच्या हातचं आहे, तुझ्याकडेच असू दे. आमच्याकडे पुस्तकं ढीगभर आहेत."

"खरंच नको?"

"खरंच."

"सरी, बरं मग," ती म्हणाली, आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

बसमध्ये लेक खिडकीशी बसली. मग म्हणाली, "आई, तुला ते हवं होतं ना?"

"हवं होतं."

"मग?"

"तिच्याकडून नको होतं."

"मला चाललं असतं," ती म्हणाली.