खुडलेली पांढरी पानं

ती वेल मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ती चिखलदऱ्याहून आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत सगळा वेळ मांडीवर धरून. स्वतःच्या लेकीला त्यांनी इतका वेळ कधी मांडीवर घेतलं नसेल. पानाला पाच टोकं, मधे हिरवं आणि कडेनं पांढरं. हिला आयव्ही म्हणायचं, असं त्यांनी आम्हाला बजावलं. फूल नाही, फळ नाही, वास नाही. वैशाखात यवतमाळची माणसं दुपारी दाराबाहेर पाय टाकत नाहीत, आणि ह्या बयेला गारवा हवा.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सरकारी खात्यात ओव्हरसियर होते आणि घर त्यांच्या शब्दावर चालायचं. नवरा कापसाच्या जिनिंगमधे कारकून. घरात मी त्याला अहोजाहो करत असे, इथं करणार नाही. मी नेरजवळच्या कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी, मॅट्रिक पास झालेली. मला मास्तरीण व्हायचं होतं. ट्रेनिंगचा फॉर्म माझ्या ट्रंकेत साड्यांखाली होता, जून संपायच्या आत द्यायचा होता, आणि भासऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय तो ट्रंकेबाहेर निघणं शक्य नव्हतं. धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंड बंद. बोलायचं ते नवऱ्यानं, नाहीतर जाऊबाईंनी.

त्या उन्हाळ्यात जाऊबाई मुलाला घेऊन नागपूरला माहेरी निघाल्या. धाकटी चार वर्षांची लेक आणि ती वेल माझ्यावर टाकून गेल्या.

"वेल आहे तशी मला परत दिसली पाहिजे," त्या टांग्यात बसता बसता म्हणाल्या. "मग मी तुझ्या फॉर्मचं ह्यांच्या कानावर घालते."

मी त्या वेलीची जी सेवा केली, ती सासूची केली असती तर तिनं मला डोक्यावर घेतलं असतं. हिवाळाभर ती व्हरांड्यात सुतळीवर चढत होती. आता मी कुंडी आत आणली, मधल्या खोलीत, वाळ्याच्या ताटीमागे. विहिरीचं पाणी ओढून दिवसातून चारदा ताटी भिजवायची. कुंडीतल्या मातीत बोट घालून पाहायचं, पेरभर कोरडी लागली तरच पाणी द्यायचं, नाहीतर मुळं सडतात. पानांखाली बारीक लाल कोळी धरतात, म्हणून एकेक पान दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्यानं पुसायचं. पोरगी माझ्याबरोबर पानं पुसत बसायची. एवढं करून मी त्या वेलीला मनातल्या मनात शिव्या घालायची.

महिना होत आला तसं पांढरं वाढायला लागलं. नव्या फुटीवर हिरवं जेमतेम होतं. एक पान तर आख्खं पांढरं निघालं. बापाच्या वावरात आम्ही भावंडं कपाशीच्या ओळींतून फिरायचो, पान पांढरं पडलं की खुडून ओटीत टाकायचं आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नेऊन जाळायचं. एक पान ठेवलं तर तास जातो, म्हणजे आख्खी ओळ, बाप म्हणायचा. मी नवऱ्याला वेल दाखवली.

"रोगच पडला वाट्टे," तो म्हणाला. "खुडून टाक समदे."

नुसतं म्हणाला नाही, माझ्या शेजारी बसून त्यानं स्वतः पानं खुडली. आम्ही दोघांनी ती चुलीत घातली. पंधरा-वीस दिवसांत वेल अशी तरारली की बघत राहावं. पान न् पान हिरवं. जाऊबाई कधी येतात असं मला झालं होतं.

त्या आल्या, चपला काढायच्या आधी मधल्या खोलीत गेल्या.

"माझी वेल कुठे आहे?"

"हेच तर हाय, बाई. रोग पडला होता. रोगट पानं खुडली, आता पाहा कशी झाली."

त्यांनी भासऱ्यांच्या साहेबांच्या बंगल्यावरच्या म्हाताऱ्या माळ्याला बोलावणं पाठवलं. माळीचाचा आले, पान उलटसुलट केलं आणि हसले. "सफेद तो इसका जेवर था, बाई. हरा निकला तो हरा काटना पडता. इन्होंने उल्टा कर दिया. और अंधेरे में रखा, तो और हरी हो गई."

"मले कोणी सांगतलं नव्हतं," मी म्हटलं.

"शेतकऱ्याची मुलगी म्हणून तर तुझ्याकडे दिली होती," जाऊबाई म्हणाल्या, आणि कात्री घेऊन बसल्या.

संध्याकाळी दोघे भाऊ जेवायला बसले. मी आतल्या दाराशी, पदर ओढून. नवऱ्यानं फॉर्मचा विषय काढला. जाऊबाईंनी भासऱ्यांच्या कानावर जे घालायचं ते आधीच घातलं होतं.

"जिले एक वेल सांभाळता येत नाही, तिच्या हाती लोकायची पोरं द्यायची काय?" भासरे म्हणाले.

ते हे म्हणाले तेव्हा त्यांचीच लेक माझ्या मांडीवर बसून माझ्या हातानं भात खात होती. मला तोंड उघडता येत नव्हतं. नवऱ्याला येत होतं. खुड असं मीच म्हटलं, मीही खुडली, एवढं एक वाक्य त्यानं म्हटलं तरी पुरे होतं. मी पदराआडून त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं ताट पुढं सरकवलं आणि वरण मागितलं.

मी उठून वाढलं.

जाऊबाईंनी हिरवं सगळं छाटलं, आणि पाऊस पडायच्या आत वेल वाळून गेली. तिला कोणी मारलं असं घरात कुणी विचारलं नाही. जून संपला. जाऊबाईंवरचा माझा राग पुढं निवला, भासऱ्यांना तर खरं काय ते कधी कळलंच नाही. नवऱ्याला मात्र सगळं ठाऊक होतं. त्यानंतर चाळीस वर्षं मी त्याचं ताट वाढलं, दुखण्यात त्याला हातानं भरवलं. तो विषय त्यानं एकदाही काढला नाही, आणि मी त्याला माफ केलं नाही.